बहुअणुक आयन असलेली रासायनिक समीकरणं कशी संतुलित करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, अमोनियम असे गट सूत्रात आले, त्यांच्याभोवती कंस आले, की एरवी समीकरणं भराभर सोडवणारे विद्यार्थीही अडखळतात. खरं तर हे गट नीट ओळखता आले तर काम वाढत नाही, उलट निम्म्यावर येतं. अट एकच: गट बाणाच्या दोन्ही बाजूंना जसाच्या तसा असायला हवा. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून या अटीपाशीच येतात.

लेखनाबद्दल आधी थोडं. इथे सूत्रं आपण जशी वाचतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. एनए म्हणजे सोडियम, के म्हणजे पोटॅशियम, सीए म्हणजे कॅल्शियम, एएल म्हणजे ॲल्युमिनियम, बीए म्हणजे बेरियम, पीबी म्हणजे शिसं, एफई म्हणजे लोह, सीयू म्हणजे तांबं. अक्षराला चिकटलेला आकडा म्हणजे पादांक, वहीत आपण खाली लहान लिहितो तो. सूत्राच्या आधी जागा सोडून लिहिलेला आकडा म्हणजे सहगुणक.

बहुअणुक आयन म्हणजे नेमकं काय?

दोन किंवा अधिक अणू सहसंयुज बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या सगळ्या गटावर मिळून एक प्रभार असतो, तो बहुअणुक आयन. शाळेच्या पुस्तकांत यांनाच संमिश्र मूलकं म्हटलेलं आढळेल. सल्फेटमध्ये मधोमध गंधकाचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू. दोन ऋण प्रभार असतात ते या संपूर्ण गटाचे, कुठल्या एका ऑक्सिजनचे नव्हेत. नायट्रेटमध्ये मात्र तीन ऑक्सिजन एकाच प्रतलात, त्रिकोणाच्या टोकांवर असतात.

संतुलनाच्या दृष्टीने महत्त्वाचं काय? सोडियम सल्फेट पाण्यात विरघळलं की सोडियम आयन आणि सल्फेट आयन एकमेकांपासून सुटे होतात, पण गंधक आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध तसेच राहतात. पाण्यात हिंडतो तो सल्फेट, सगळाच्या सगळा. म्हणूनच तो एक नग म्हणून मोजता येतो. ही काही परीक्षेपुरती काढलेली युक्ती नाही. द्रावणात प्रत्यक्ष जे घडतं त्याचीच ती मोजदाद आहे.

कोणते गट पाठ असायलाच हवेत?

थोडेच. एक ऋण प्रभाराचे: हायड्रॉक्साइड (ओएच), नायट्रेट (एनओ३), बायकार्बोनेट (एचसीओ३), परमँगनेट (एमएनओ४). दोन ऋण प्रभारांचे: सल्फेट (एसओ४), कार्बोनेट (सीओ३), डायक्रोमेट (सीआर२ओ७). तीन ऋण प्रभारांचा फॉस्फेट (पीओ४). धन प्रभाराचा नेहमी भेटणारा एकच, अमोनियम (एनएच४), त्याच्यावर एक धन प्रभार.

सूत्र आणि प्रभार एकत्रच पाठ करा. नुसतं ‘एसओ४’ लक्षात राहिलं आणि ‘दोन ऋण’ विसरलं तर पुढचं सगळं डळमळीत होतं. सल्फेट आणि सल्फाइट, नायट्रेट आणि नायट्राइट या जोड्यांकडे विशेष लक्ष द्या. त्यांचा प्रभार सारखाच असतो, सल्फाइट आणि नायट्राइटमध्ये ऑक्सिजन मात्र एकने कमी असतो.

संतुलन कितीही केलं तरी जमतच नाही. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा सूत्रच चुकलेलं असतं. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फॉस्फेट यांची अभिक्रिया घ्या. कुणी कॅल्शियम फॉस्फेटचं सूत्र घाईत असं लिहितं:

सीएसीएल२ + एनए३पीओ४ → सीएपीओ४ + एनएसीएल

आता हे संतुलित करून पाहा. कॅल्शियम आणि फॉस्फेट जुळवायचे तर डावीकडच्या दोन्ही सूत्रांचे सहगुणक सारखे हवेत. पण क्लोरिन म्हणतो, मीठ पहिल्या सहगुणकाच्या दुप्पट हवं, आणि सोडियम म्हणतो, दुसऱ्याच्या तिप्पट हवं. दुप्पट आणि तिप्पट एकाच वेळी कसं होणार? तासभर आकडे बदलत बसलात तरी हे समीकरण जुळणार नाही. कारण उजवीकडच्या चुकीच्या सूत्रात प्रभारच जुळत नाहीत.

कॅल्शियमवर दोन धन, फॉस्फेटवर तीन ऋण. दोघांची बेरीज शून्य व्हायला तीन कॅल्शियम आणि दोन फॉस्फेट लागतात, म्हणजे सीए३(पीओ४)२. हे सूत्र घातलं की समीकरण सहज जुळतं:

२ एनए३पीओ४ + ३ सीएसीएल२ → सीए३(पीओ४)२ + ६ एनएसीएल

आयनांची नुसती अदलाबदल होणाऱ्या अभिक्रियेत अडकलात तर सहगुणकांशी झटापट करत बसू नका, आधी सूत्रांचे प्रभार तपासा. माझ्या मते संतुलनाचा निम्मा त्रास हा मुळात संतुलनाचा नसतोच, तो सूत्र लिहिण्याचा असतो.

मग जुळवण्यासाठी पादांक का बदलायचा नाही?

कारण पादांक बदलला की पदार्थच बदलतो. एच२ओ म्हणजे पाणी, एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ऑक्सिजन एक कमी पडला म्हणून पाण्याच्या जागी पेरॉक्साइड लिहिलं तर आकडे जुळतील, पण वर्णन दुसऱ्याच अभिक्रियेचं होईल. गटाच्या आतले आकडे तर त्याहून पवित्र समजा. एसओ४ मधला चार कुठल्याही कारणाने हलवायचा नाही. बदलायचा तो फक्त सहगुणक.

कंसाबाहेरचा आकडा नक्की कशाकशाला लागू होतो?

कंसातल्या प्रत्येक अणूला. एएल२(एसओ४)३ मध्ये ॲल्युमिनियम दोन, गंधक तीन आणि ऑक्सिजन चार गुणिले तीन, म्हणजे बारा. एकूण १७ अणू. वह्यांमध्ये इथे दोन चुका नेहमी दिसतात: ऑक्सिजन चार अधिक तीन असा सात धरणं, किंवा तीनने फक्त ऑक्सिजनला गुणून गंधक एकच ठेवणं.

पुढे सहगुणक आला की तो सगळ्यालाच लागतो. ३ एएल२(एसओ४)३ म्हणजे ॲल्युमिनियम सहा, गंधक नऊ, ऑक्सिजन छत्तीस.

कंस विसरला तर काय होतं तेही पाहा. सीए(ओएच)२ मध्ये ऑक्सिजन दोन आणि हायड्रोजन दोन. कंस काढून सीएओएच२ लिहिलं की ऑक्सिजन एकच उरतो. गट एकदाच येत असेल तेव्हा कंस लिहीत नाहीत, म्हणून एनएओएच किंवा केएनओ३ मध्ये गट पटकन डोळ्यांत भरत नाही. सुरुवातीला अशा सूत्रांतही पेन्सिलीने गटाभोवती गोल करा. सवय झाली की गोल न काढताही तो दिसू लागतो.

गट एक धरून मोजायचं म्हणजे प्रत्यक्षात कसं?

बेरियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणं मिसळली की बेरियम सल्फेटचा पांढरा साका खाली बसतो.

बीएसीएल२ + एएल२(एसओ४)३ → बीएएसओ४ + एएलसीएल३

सल्फेट डावीकडे आहे, उजवीकडेही आहे, आणि गंधक किंवा ऑक्सिजन दुसऱ्या कुठल्या रूपात दिसत नाही. म्हणजे गट शाबूत आहे. आता गंधक आणि ऑक्सिजन ही नावं विसरा, मोजायच्या फक्त चार गोष्टी: बेरियम, क्लोरिन, ॲल्युमिनियम, सल्फेट.

सुरुवात सर्वांत गुंतागुंतीच्या सूत्रापासून करावी. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये सल्फेट तीन आहेत, म्हणून उजवीकडे ३ बीएएसओ४. ॲल्युमिनियम दोन आहेत, म्हणून २ एएलसीएल३. उजवीकडे बेरियम तीन झाले, तर डावीकडे ३ बीएसीएल२. राहिला क्लोरिन: डावीकडे सहा, उजवीकडे सहा. तो आपोआप जुळला.

३ बीएसीएल२ + एएल२(एसओ४)३ → ३ बीएएसओ४ + २ एएलसीएल३

शेवटची गोष्ट अशी न मागता जुळणं ही चांगली खूण असते. अदलाबदलीच्या अभिक्रियांत सूत्रं बरोबर असतील तर असंच होतं, कारण प्रत्येक सूत्रात प्रभार आधीच जुळलेले असतात.

याच पद्धतीने फेरिक सल्फेट आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं समीकरण एका दमात सुटतं. त्यात दोन गट आहेत आणि दोन्ही शाबूत आहेत:

एफई२(एसओ४)३ + ६ केओएच → २ एफई(ओएच)३ + ३ के२एसओ४

ऑक्सिजन सल्फेटमध्येही आहे आणि पाण्यातही. मग मोजायचा कसा?

आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणात हा प्रश्न हमखास येतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल घ्या:

एएल(ओएच)३ + एच२एसओ४ → एएल२(एसओ४)३ + एच२ओ

ऑक्सिजन चारही सूत्रांत आहे. सुट्या अणूंनी मोजायला गेलात तर डोकं गरगरेल. इथे पाणी एच२ओ असं न वाचता एच आणि ओएच असं वाचा. मग हायड्रॉक्साइड गट दोन्ही बाजूंना दिसतो आणि मोजायच्या गोष्टी उरतात चार: ॲल्युमिनियम, सल्फेट, हायड्रॉक्साइड, आणि आम्लाकडून आलेला हायड्रोजन.

उजवीकडे ॲल्युमिनियम दोन आहेत, म्हणून २ एएल(ओएच)३. सल्फेट तीन आहेत, म्हणून ३ एच२एसओ४. डावीकडे हायड्रॉक्साइड सहा, आम्लाचे हायड्रोजनही सहा. सहा आणि सहा मिळून पाण्याचे सहा रेणू.

२ एएल(ओएच)३ + ३ एच२एसओ४ → एएल२(एसओ४)३ + ६ एच२ओ

पाण्याकडे असं पाहणं उदासिनीकरणाला अगदी साजेसं आहे, कारण तिथे खरोखरच आम्लाचा हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी तयार होतं. फॉस्फरिक आम्ल आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं समीकरणही असंच करून पाहा. उत्तर असं येईल:

३ सीए(ओएच)२ + २ एच३पीओ४ → सीए३(पीओ४)२ + ६ एच२ओ

पण जिथे पाणी दुसऱ्याच मार्गाने तयार होतं, समजा ऑक्सिडीकरणाच्या अभिक्रियेत, तिथे ही वाचनपद्धत लावू नका.

एकच मूलद्रव्य दोन वेगळ्या गटांत असेल तर?

तेव्हा तर गटाने मोजण्याची खरी किंमत कळते. अमोनियम फॉस्फेट आणि लेड नायट्रेट:

(एनएच४)३पीओ४ + पीबी(एनओ३)२ → पीबी३(पीओ४)२ + एनएच४एनओ३

नायट्रोजन अमोनियममध्ये आहे आणि नायट्रेटमध्येही. अमोनियम नायट्रेटमध्ये तर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. नायट्रोजन म्हणून मोजायला गेलात की हे दोन हिशेब एकमेकांत मिसळतात. गटाने मोजा. उजवीकडे शिसं तीन, म्हणून ३ पीबी(एनओ३)२. फॉस्फेट दोन, म्हणून २ (एनएच४)३पीओ४. अमोनियम सहा झाले, नायट्रेटही सहा झाले, म्हणून ६ एनएच४एनओ३.

२ (एनएच४)३पीओ४ + ३ पीबी(एनओ३)२ → पीबी३(पीओ४)२ + ६ एनएच४एनओ३

अमोनियम नायट्रेटचं सूत्र एन२एच४ओ३ असं एकत्र करून का लिहीत नाहीत, याचं कारणही इथेच आहे. तसं लिहिलं तर अणूंची संख्या बरोबर राहील, पण आत दोन वेगळे आयन आहेत ही माहिती पुसली जाईल.

गट तुटला आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पहिला आकडा लिहिण्याआधी तो स्वतःला विचारायला हवा. पद्धत साधी आहे. डावीकडच्या प्रत्येक गटावर बोट ठेवा आणि तोच गट, तेवढ्याच ऑक्सिजनसह, उजवीकडे शोधा. सापडला तर एक नग धरा. नाही सापडला तर त्याचे अणू सुटे करा. कार्बोनेट डावीकडे आहे आणि उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आहे, तर कार्बोनेट गेला. सीओ३ चं सीओ२ झालं, एक ऑक्सिजन दुसरीकडे गेला.

काही ठिकाणी गट तुटणं ठरलेलं असतं. ती ठिकाणं ओळखीची झाली की फसगत होत नाही.

कार्बोनेटवर आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळतं. कागदावर अदलाबदल करून आपण कार्बोनिक आम्ल लिहितो, पण ते लगेच विघटित होतं:

एनए२सीओ३ + २ एचसीएल → २ एनएसीएल + एच२ओ + सीओ२

अमोनियमच्या क्षारात अल्क घालून तापवलं की अमोनिया वायू सुटतो. अमोनियम आपला एक हायड्रोजन हायड्रॉक्साइडला देतो, म्हणजे एकाच वेळी दोन गट मोडतात. पण त्याच समीकरणात सल्फेट मात्र शाबूत राहतो:

(एनएच४)२एसओ४ + २ एनएओएच → एनए२एसओ४ + २ एनएच३ + २ एच२ओ

तेव्हा हा निर्णय पूर्ण समीकरणासाठी एकदाच घेऊन चालत नाही, तो प्रत्येक गटासाठी वेगळा घ्यावा लागतो. इथे सल्फेट नगाने मोजा, नायट्रोजन आणि हायड्रोजन अणूंनी मोजा. असा मिश्र हिशेब चुकीचा नसतो. हिशेब नीट करायचा तर तो असाच होतो.

तिसरं ठिकाण म्हणजे उष्णता. लेड नायट्रेट तापवलं की नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू बाहेर पडतो. नायट्रेट पूर्ण मोडलेला असतो, म्हणून सगळं अणूंनी मोजायचं. एका पीबी(एनओ३)२ मध्ये नायट्रोजन दोन, ऑक्सिजन सहा. उजवीकडे पीबीओ मध्ये एक ऑक्सिजन, दोन एनओ२ मध्ये चार. उरला एक, म्हणजे ऑक्सिजनचा अर्धा रेणू. सगळ्याला दोनने गुणलं की अर्धा जातो:

२ पीबी(एनओ३)२ → २ पीबीओ + ४ एनओ२ + ओ२

अमोनियम डायक्रोमेटच्या नारिंगी स्फटिकांना उष्णता दिली की हिरवी क्रोमियम ऑक्साइडची भुकटी तयार होते आणि दोन्ही गट एकदमच मोडतात. सूत्र भीतिदायक दिसतं, पण पाण्याला चार लावले की काम झालं:

(एनएच४)२सीआर२ओ७ → एन२ + सीआर२ओ३ + ४ एच२ओ

गटाचा काही भाग टिकतो आणि काही मोडतो, असंही होतं का?

होतं, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे तांबं आणि नायट्रिक आम्ल. संहत आम्लाबरोबरची अभिक्रिया:

सीयू + एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + एनओ२ + एच२ओ

कॉपर नायट्रेटमध्ये नायट्रेट दिसतो, म्हणून अनेकजण तो शाबूत धरून चालतात. मग नायट्रोजन डायऑक्साइडमधला नायट्रोजन कुठून आला ते कळेनासं होतं. वस्तुस्थिती अशी की नायट्रिक आम्ल इथे दोन कामं करतं. त्यातले काही नायट्रेट तांब्याच्या आयनाला जोडीदार म्हणून तसेच राहतात, आणि काही तांब्याचं ऑक्सिडीकरण करताना स्वतः मोडतात. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की समीकरण स्वच्छ दिसू लागतं.

तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असं धरायचं, तो आकडा) अधिक पाच असतो, एनओ२ मध्ये अधिक चार. म्हणजे मोडणारा प्रत्येक नायट्रेट एक इलेक्ट्रॉन घेतो. दोन इलेक्ट्रॉन घ्यायला दोन नायट्रेट मोडले पाहिजेत. कॉपर नायट्रेटसाठी आणखी दोन शाबूत लागतात. दोन आणि दोन चार:

सीयू + ४ एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + २ एनओ२ + २ एच२ओ

आम्ल विरल असेल तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड मिळतो, त्यात नायट्रोजन अधिक दोनवर येतो. आता मोडणारा प्रत्येक नायट्रेट तीन इलेक्ट्रॉन घेतो. तांब्याचे दोन आणि नायट्रेटचे तीन जुळवायचे तर सहा इलेक्ट्रॉनांचा व्यवहार हवा: तांबं तीन, मोडणारे नायट्रेट दोन. तीन कॉपर नायट्रेटसाठी शाबूत नायट्रेट सहा. एकूण आठ:

३ सीयू + ८ एचएनओ३ → ३ सीयू(एनओ३)२ + २ एनओ + ४ एच२ओ

ऑक्सिजन मोजून पाहा. डावीकडे चोवीस. उजवीकडे अठरा, दोन आणि चार, म्हणजे चोवीस. अंदाजाने आकडे घालत गेलात तर तीन आणि आठ या जोडीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. आम्लाची दोन कामं ओळखली की ते आकडे कुठून आले हेही सांगता येतं, आणि मला ते नुसत्या उत्तरापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

परमँगनेटच्या समीकरणांत एवढे मोठे सहगुणक का येतात?

कारण तिथेही इलेक्ट्रॉनांचा व्यवहार मोठा असतो. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लात मँगनीज अधिक सातवरून अधिक दोनवर येतं, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतं. क्लोरिनचा एक रेणू तयार होताना दोन इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणून मँगनीज दोन आणि क्लोरिन रेणू पाच. शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि मँगनीज क्लोराइडसाठी सहा क्लोराइड तसेच लागतात. दहा आणि सहा सोळा:

२ केएमएनओ४ + १६ एचसीएल → २ केसीएल + २ एमएनसीएल२ + ५ सीएल२ + ८ एच२ओ

परमँगनेट पूर्ण मोडतो, त्याचे आठही ऑक्सिजन पाण्यात जातात.

आयनिक समीकरण लिहीत असाल तर अणूंबरोबर प्रभारही जुळवावा लागतो. एक परमँगनेट, पाच फेरस आयन (लोहाचे, दोन धन प्रभारांचे) आणि आठ हायड्रोजन आयन यांच्यापासून एक मँगनीज आयन (दोन धन प्रभारांचा), पाच फेरिक आयन (लोहाचेच, तीन धन प्रभारांचे) आणि पाण्याचे चार रेणू मिळतात. डावीकडचा प्रभार: उणे एक, अधिक दहा, अधिक आठ, म्हणजे सतरा धन. उजवीकडे: दोन आणि पंधरा, सतरा धन. अणू जुळले आणि प्रभार जुळला नाही, तर आयनिक समीकरण संतुलित झालेलं नसतं.

बायकार्बोनेट आणि कार्बोनेट एकच गट धरायचा का?

नाही. एचसीओ३ आणि सीओ३ हे वेगळे गट आहेत, त्यांचे प्रभारही वेगळे आहेत. खाण्याचा सोडा तापवला की बायकार्बोनेट मोडतो आणि कार्बोनेट तयार होतो, त्यामुळे इथे अणूच मोजा:

२ एनएएचसीओ३ → एनए२सीओ३ + एच२ओ + सीओ२

फॉस्फेटचंही तसंच. पीओ४, एचपीओ४ आणि एच२पीओ४ यांच्यावर अनुक्रमे तीन, दोन आणि एक ऋण प्रभार असतो. फॉस्फरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड किती घातलं त्यावर कोणता क्षार मिळेल ते ठरतं. मात्र इथे एक सवलत घेता येते: आतला पीओ४ हा गाभा तिन्हींत तोच असतो, म्हणून गाभा एक नग धरून हायड्रोजन वेगळे मोजले तर चालतं.

एकाच मूलद्रव्याचे बहुअणुक आयन असतात का?

असतात. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन जोडलेले असतात आणि मर्क्युरस आयनात पाऱ्याचे दोन अणू. यांच्या सूत्रांचं संक्षिप्त रूप करायचा मोह टाळा. मर्क्युरस क्लोराइड एचजी२सीएल२ असंच लिहायचं, एचजीसीएल असं नाही. बेरियम पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या समीकरणात पेरॉक्साइड गट शाबूत राहतो आणि सगळे सहगुणक एकच येतात:

बीएओ२ + एच२एसओ४ → बीएएसओ४ + एच२ओ२

डावीकडे नसलेला गट उजवीकडे नव्याने तयार झाला तर?

मग अर्थातच अणू मोजायचे. गरम आणि संहत सोडियम हायड्रॉक्साइडमधून क्लोरिन सोडला की क्लोरेट जन्माला येतो:

३ सीएल२ + ६ एनएओएच → ५ एनएसीएल + एनएसीएलओ३ + ३ एच२ओ

उत्तर बरोबर आहे याची खात्री कशी करायची?

संतुलन गटाने केलं असेल तर तपासणी अणूंनी करा. ज्या पद्धतीने सोडवलं त्याच पद्धतीने तपासलं तर गट तुटल्याची चूक पुन्हा नजरेतून सुटते. ऑक्सिजन शेवटी मोजावा, कारण तो जवळजवळ सगळीकडे असतो आणि चूक असेल तर बहुधा तिथेच उघडी पडते. सहगुणकांना सामाईक अवयव राहिला नाही ना तेही बघा. सगळे सम असतील तर दोनने भागा.

वेळ असेल तर वस्तुमानाने पडताळा घ्या. वरचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फरिक आम्लाचं समीकरण घेऊ. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं रेणुवस्तुमान ७४, तीनचे २२२. फॉस्फरिक आम्लाचं ९८, दोनचे १९६. डावीकडे एकूण ४१८. उजवीकडे कॅल्शियम फॉस्फेट ३१० आणि पाण्याचे सहा रेणू १०८, एकूण ४१८. अठराव्या शतकात लव्हाझिएने तराजूवर दाखवून दिलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम तुमच्या वहीतल्या या दोन बेरजांमध्ये दिसतो.

समीकरण संतुलित झालं म्हणजे अभिक्रिया होतेच का?

नाही. तांबं आणि झिंक सल्फेट यांच्यापासून कॉपर सल्फेट आणि जस्त, असं समीकरण कागदावर लगेच जुळतं, सल्फेटही शाबूत दिसतो. प्रत्यक्षात तांबं जस्ताला विस्थापित करू शकत नाही. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइडची विरल द्रावणं मिसळली तर चारही आयन पाण्यात तसेच फिरत राहतात, साका बसत नाही, वायू सुटत नाही. अभिक्रिया होते की नाही हे क्रियाशीलतेची श्रेणी आणि क्षारांची विद्राव्यता पाहून ठरवायचं. संतुलनाचं काम त्यानंतर सुरू होतं.